तेलाच्या ड्रमचा घरगुती स्मोकर : चिकन, मटण आणि बांगडे धुरावर शिजवायचे असतील तर

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत धुराची चव काही नवीन नाही, मटणाच्या भांड्यात मधोमध वाटी ठेवून त्यात निखारा टाकायचा, वर चमचाभर तूप सोडायचं आणि पटकन झाकण लावायचं, हा धुंगार ज्याच्या त्याच्या घरी होतो. पण तो पाच मिनिटांचा खेळ आहे आणि त्यात तुपाच्या धुराचा वास जास्त. स्मोकरमध्ये मांस शिजतंच मुळी लाकडाच्या धुरात, मंद आचेवर, तीन तास, पाच तास, कधी सात तास, त्यामुळे वरचा थर गडद तांबूस होतो, आतला रस आतच राहतो आणि चव अशी येते की मसाला फार लावावाच लागत नाही. बाजारात तयार स्मोकर मिळतात, महाग असतात, आणि खरं सांगायचं तर तेलाच्या 200 लिटरच्या ड्रममधून बनवलेला स्मोकर त्यांच्या बरोबरीने काम देतो. आधीच सांगून ठेवतो, यातलं सगळं कौशल्य हवेत आहे. ड्रममध्ये खालून किती हवा जाते हे तुमच्या हातात आलं की आच हातात आली आणि आच हातात आली की धूरही चांगला येतो, म्हणून खाली मी भोकं, झाकण, फटी यावर जरा जास्तच बोलणार आहे.

ड्रम घेताना घाई करू नका. लोहामंडीच्या बाजूला, सियागंजच्या आसपास किंवा कुठल्याही मोठ्या कबाड्याकडे ड्रम मिळतात, पण त्यात आधी काय भरलेलं होतं हे विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. खाद्यतेल, ग्लुकोज, फळांचा पल्प यांचा ड्रम चालतो. केमिकल, रंग, थिनर, कीटकनाशक, इंजिन ऑइल यांचा ड्रम कितीही स्वस्त मिळाला तरी नको, ते कितीही जाळलं-धुतलं तरी खात्री देता येत नाही. आपल्याकडे सोयाबीन तेलाचा धंदा मोठा असल्यामुळे खाद्यतेलाचे ड्रम शोधले की सापडतात. घ्यायचा तो पूर्ण झाकण निघणारा, म्हणजे वर गोल पट्टी आणि बोल्ट असतो तो. वरून बंद असलेला, फक्त दोन बूच असलेला ड्रम घेऊन घरी ग्राइंडरने कापायला जाऊ नका, आत राहिलेल्या वाफेने ड्रम फुटून माणसं जखमी होतात आणि मेलीही आहेत. आणि चमकणारा गॅल्व्हनाइज्ड ड्रम नको, जस्ताचा थर तापला की त्याचा धूर विषारी असतो. हाच नियम आत बसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लावा, जाळी असो, सळई असो की नटबोल्ट, जीआय म्हणजे जस्त चढवलेलं काहीही नको.

आता आतून बघा. बऱ्याच ड्रमला आतून सोनेरी किंवा विटकरी रंगाचं कोटिंग असतं, ते जाळून काढावंच लागतं. हे काम कॉलनीत करायचं नाही, धूर भयंकर घाण येतो, कुणाचं शेत असेल राऊकडे, महूच्या रस्त्याला, तिथे घेऊन जा. कापायचं काम नाही हे खरं, पण भोकं आणि जाळणं सुरू करायच्या आधी ड्रम साबणाच्या गरम पाण्याने धुवून झाकण काढून उघडा वाळू द्या. मग तळाजवळ चार बाजूंना चार भोकं (ती पुढे हवेसाठी लागणारच आहेत), आत भरपूर सुकी लाकडं आणि दोन-तीन तास जोरात जाळ. वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभं राहायचं, तोंडाला मास्क हवा. गार झाल्यावर ग्राइंडरला वायर ब्रश लावून आतून घासा, घासताना गॉगल लावा कारण ब्रशच्या तारा सुटून उडतात. उघडं राखाडी लोखंड दिसेपर्यंत घासायचं, एखादा कोपरा राहिला असेल तर परत जाळायचं, इथे आळस चालत नाही. बाहेरून बाइकच्या सायलेन्सरला मारतात तो हीट पेंट मारा. आतून कधीही कुठलाही पेंट नाही.

मग फॅब्रिकेशनवाल्याकडे. मी ज्याच्याकडे गेलो त्याने कागदावरचं चित्र बघून पहिला प्रश्न विचारला, "भिया, तंदूर बना रिये हो क्या?" त्याला समजावून सांगावं लागलं की तंदूरमध्ये आच जास्त हवी असते, इथे ती दाबून ठेवायची आहे, आणि हे एकदा कळल्यावर त्याने वेल्डिंग अगदी मन लावून केलं. तुम्हीही कारागिराला माप देऊन मोकळे होऊ नका, कशासाठी करतोय ते सांगा, फटी तोच बुजवून देईल.

मापं अशी. कोळशाची टोपली एक्सपांडेड जाळीची, काळ्या लोखंडाची, 14 इंच रुंद आणि 8 इंच उंच, खाली 3 इंचाचे पाय म्हणजे राख खाली पडायला जागा राहते. राख साचून हवेची वाट बंद झाली की चांगला चाललेला जाळ मधेच मरतो, म्हणून पाय विसरू नका. टोपलीच्या तळापासून साधारण 24 इंचावर मांस ठेवायची जाळी आली पाहिजे, ती स्टेनलेस सळईची बनवून घ्या, ड्रमच्या आतल्या मापापेक्षा अर्धा-पाऊण इंच लहान, नाहीतर ड्रम थोडा चेपलेला असला तर ती बसतच नाही. जाळी टेकायला चार स्टेनलेस बोल्ट, 2 इंचाचे, एकाच उंचीवर. उंची ड्रमच्या काठावरून मोजा, जमिनीवरून नको, जमीन कुठे सपाट असते. टोपली आणि जाळी यांच्या मधे आणखी तीन बोल्ट मारून त्यावर स्टीलची परात ठेवायची सोय करा. परात बर्तन बाजारात मिळते तीच, 14-15 इंची, म्हणजे कडेने तीन-चार इंच वाट धुराला राहते. या परातीचं काम मोठं आहे. चरबी निखाऱ्यावर पडली की जो काळपट धूर उठतो त्यात शरीराला वाईट असणारे पदार्थ असतात आणि चवही कडवट होते, परात ते थांबवते, शिवाय थेट आच वर लागू देत नाही. तिच्यात तांब्याभर गरम पाणी घातलं तर आच आणखी स्थिर राहते.

हवेची भोकं तळापासून 2-3 इंचावर, चार बाजूंना चार. पाऊण इंची पाईप बसवायचा, आणि लक्षात घ्या, पाऊण इंची पाईपचं बाहेरचं माप साधारण 27 मिमी असतं, त्यामुळे भोक 27-28 मिमीचं पाडावं लागतं, पाऊण इंचाचं पाडून बसलात तर पाईप जात नाही. पाईपचा तुकडा काळ्या लोखंडाचा किंवा पितळेचा, आतून-बाहेरून चेक नट. एका पाईपला पितळेचा बॉल वॉल्व्ह, बाकी तिघांना नुसत्या कॅप. चारही ठिकाणी वॉल्व्ह लावायची गरज नाही, सुरुवातीला कॅप काढून जाळ धरू द्यायचा, मग तिन्ही कॅप लावून टाकायच्या आणि पुढचं सगळं त्या एका वॉल्व्हवर चालतं. झाकणात अर्ध्या इंचाची आठ भोकं गोलाकार पाडा आणि ती शिजवताना नेहमी उघडी ठेवा. धूर कोंडला म्हणजे चव जास्त असं वाटून लोक वरची भोकं बंद करतात, आणि मग कोंडलेल्या धुराचा चिकट काळा थर मांसावर बसतो, जिभेला झिणझिण्या येतात. झाकणाला लाकडी मूठ लावून घ्या.

थर्मामीटरवर पैसे वाचवू नका. एक डायलवाला ड्रमच्या बाजूला, बरोबर जाळीच्या उंचीवर, आणि एक डिजिटल, सुईवाला, मांसात खुपसायचा. झाकणावर लावलेला मीटर जाळीवरचं तापमान सांगत नाही. आणल्यावर तपासून घ्या, बर्फ भरलेल्या पाण्यात 0 दाखवला पाहिजे आणि उकळत्या पाण्यात इंदुरात साधारण 98, कारण आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत, इथे पाणी 100 च्या आधीच उकळतं. 98 आला म्हणून मीटर बिघडलाय समजून परत करायला जाऊ नका.

पहिल्यांदा मांस न ठेवता पेटवा. आतून सगळीकडे सोयाबीन तेलाचा पातळ हात मारायचा, जाळीलाही, आणि 150-180 वर दोन-तीन तास चालवायचं. लोखंडावर काळा, कोरडा थर बसतो, बिडाच्या तव्याला बसतो तसाच, मग गंज लागत नाही. याच वेळी कुठून धूर निघतोय ते बघून घ्या आणि झाकणाच्या कडेला फट असेल तर पट्टी नीट आवळा.

इंधन लाकडी कोळसा, हॉटेलांना आणि तंदूरवाल्यांना जो जातो तो, हातात घेतल्यावर हलका आणि एकमेकांवर आपटल्यावर टणटण वाजणारा. दगडी कोळसा नको, त्यातलं गंधक अन्नात येतं. भुशाच्या विटाही नको, त्यात कुठल्या लाकडाचा भुसा आहे माहीत नसतं. कंड्यांवर म्हणजे शेणाच्या गोवऱ्यांवर आपले बाफले (कणकेचे गोळे) उत्तम भाजले जातात पण इथे बंद ड्रममध्ये तासन्‌तास तो धूर मांसाला देऊ नका.

चव येते ती कोळशातून कमी, वर ठेवलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून जास्त. लाकडातलं लिग्निन मंद जळताना तुटतं आणि त्यातून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं निघतात, आपण ज्याला धुराचा वास म्हणतो तो मुख्यतः हाच. माझी पहिली पसंती पेरू. आपल्याकडे फांद्या छाटल्या की सहज मिळतो, धूर गोडसर, चिकनला आणि माशाला फार छान. आंबा थोडा जास्त भारी, मटणाला चांगला. जांभूळ, बोर, चिंच चालतात, चिंचेची आच जोरात असते. बाभूळ वापरायची तर अगदी कमी, उग्र आहे. कडुनिंब, निलगिरी, चीड, देवदार, साग हे सगळं वर्ज्य, एकतर कडू नाहीतर राळ किंवा तेल. आणि कण्हेर, रुई, थोर, शेर यांच्या जवळपासही जाऊ नका, कण्हेर विषारी आहे, तिची काडी चुलीतसुद्धा घालायची नसते. फर्निचरवाल्याकडचे तुकडे, प्लायवूड, पॉलिश किंवा रंग लागलेलं लाकूड, पॅकिंगच्या पेट्या, काही नको. लाकूड सावलीत सहा महिने तरी सुकलेलं हवं, मुठीएवढे तुकडे करा. भिजवून टाका असं सगळीकडे सांगतात, मला ते पटत नाही, ओलं लाकूड आधी वाफ सोडतं आणि आच पाडतं, धूर यायला लागतो तो पाणी उडाल्यावरच.

पेटवायची पद्धत : टोपली न पेटलेल्या कोळशाने भरा, तीन-चार लाकडाचे तुकडे त्यात खोचून ठेवा, मधोमध खळगा करा. दहा-पंधरा कोळसे वेगळे शेगडीवर लाल करून त्या खळग्यात सोडा. रॉकेल-पेट्रोल अजिबात नाही. मग निखारे हळूहळू शेजारच्या कोळशाला धरत जातात आणि एका टोपलीवर पाच-सहा तास आरामात निघतात. मीटर 90 च्या पुढे सरकला की कॅप लावायला लागा, 110 ते 120 च्या मधे थांबवायचं आहे. वर गेलेली आच खाली आणायला फार वेळ लागतो, त्यामुळे आधीच दाबत जा. वॉल्व्ह जरासा फिरवायचा आणि पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. सारखं झाकण उघडून बघायची सवय असते ना, तीच सगळ्यात वाईट, झाकण उघडलं की वरून हवा आत शिरते, निखारे भडकतात.

धुराकडे बघायला शिका. पेटवल्यावर पहिला अर्धा तास दाट, पांढरा, कपासासारखा धूर येतो, नाकात झोंबतो, त्यात मांस ठेवायचं नाही. मग तो पातळ होत जातो, आणि एक वेळ अशी येते की समोरून धूर जवळजवळ दिसतच नाही, उन्हाकडे पाठ करून मागच्या काळ्या भिंतीसमोर बघितलं तर निळसर रेघ दिसते आणि वासाला छान लागतं. तेव्हा मांस आत ठेवा. नवीन माणसाला वाटतं धूर संपला, आणि तो आणखी लाकूड टाकतो. नका टाकू.

पहिला प्रयोग चिकनवरच करा. पूर्ण कोंबडी पाठीच्या कण्यातून कापून पसरवून घ्या, लिटरला 50 ग्रॅम मीठ या पाण्यात चार-पाच तास फ्रिजमध्ये, मग पुसून कोरडी. चिकनला आच थोडी वाढवा, 130 पर्यंत, नाहीतर कातडी रबरासारखी राहते. दोन-अडीच तास लागतात, पण घड्याळाचं ऐकू नका, मांडीच्या जाड भागात हाडाला न टेकता सुई घाला आणि 74 झालं की काढा. हाडाजवळ मांस गुलाबी दिसलं तरी घाबरू नका, धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याला धरतात त्यामुळे तसं दिसतं, खात्री मीटरचीच.

मटणाचं वेगळं आहे. परदेशी रेसिपीत जे डुकराचं किंवा गायीचं मांस असतं त्यात चरबी भरपूर असते, आपलं बोकडाचं मटण कोरडं. त्यामुळे रान (मागची तंगडी) किंवा खांदा रात्री मीठ, लसूण, काळी मिरी लावून फ्रिजमध्ये ठेवायचा, सकाळी 115 वर तीन तास धूर द्यायचा, आणि आतलं तापमान 70 च्या आसपास आलं की थोडं तूप लावून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून परत ठेवायचं. या 70 च्या टप्प्यावर काटा तासभर हलतच नाही, मांसातून पाणी उडत असतं आणि तेच त्याला गार ठेवतं, कोळसा वाढवू नका. 90-93 झालं की चिवट भाग जिलेटिन होऊन विरघळतो, सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. मग गुंडाळलेलंच अर्धा तास ठेवा. वेळ सहा-सात तास धरून चाला, पाहुण्यांना जेवायला रात्रीचंच सांगा.

आता मासे, माझ्या मते या ड्रमचं खरं सोनं. धुराला तेलकट मासा लागतो, म्हणून बांगडा पहिला, मग सुरमई, रावस. गोड्या पाण्यातला कतला किंवा रोहूचा पोटाकडचा भागही फार चांगला होतो. आपण समुद्रापासून लांब, मासा बर्फात येतो, त्यामुळे बांगडा-सुरमई घेताना कडक राहा : कल्ला लाल, डोळा भरलेला, पेटीत बर्फ खरोखर दिसला पाहिजे. हे मासे थोडा वेळ जरी गरम राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून, धुरावर ठेवून, कशानेही जात नाही, खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं दुखतं. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा रोहू-कतलाच घ्या.

साफ केलेला बांगडा लिटरभर पाण्यात 70 ग्रॅम मीठ आणि 40 ग्रॅम गूळ घालून दोन तास फ्रिजमध्ये. मग साध्या पाण्यात एकदा बुचकळून, पुसून, जाळीवर उघडा वाळवायचा. थंडीत पंख्याखाली दीड-दोन तास पुरतात, उन्हाळ्यात मात्र फ्रिजमध्येच, रात्रभर. वाळला की त्यावर एक पापुद्रा येतो, मिठाने सुटलेली प्रथिनं वर येऊन वाळतात त्याचा, बोट लावलं तर किंचित चिकट लागतं पण बोट ओलं होत नाही आणि उजेडात मासा चकाकतो. धूर या पापुद्र्यावर बसतो. ओला मासा ठेवलात तर धुराचं काळं पाणी होऊन ओघळतं.

जाळीला तेल लावा, आच आधी 80 च्या जवळ ठेवून अर्धा तास, मग 100-110. अंगावर पांढरे दही फुटल्यासारखे ठिपके यायला लागले तर समजा आच जास्त झाली, मासा आकसून आतली प्रथिनं बाहेर ढकलतोय, वॉल्व्ह दाबा. बांगड्याला सव्वा ते दीड तास, जाड तुकड्याला दोन. आत 63 झालंच पाहिजे. बाहेरून पितळेच्या रंगाचा, आणि पाठीवरून अंगठा दाबला की मांस पाकळ्यांसारखं सुटतं. गरम भात, तूप, कच्चा कांदा, लिंबू, आणखी काही लागत नाही. रोहूचे काटे असे गार झाल्यावर पटापट निघतात, मुलांना द्यायला सोपं.

30 अंशाच्या खाली, न शिजवता नुसता धूर देतात तो थंड प्रकार घरी करू नका. त्यात मासा कच्चाच राहतो आणि लिस्टेरियाचे आणि बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू मरत नाहीत, त्यासाठी मिठाचं आणि थंडीचं जे नियंत्रण लागतं ते ड्रममध्ये होणार नाही. कलमी शोरा घालून मांस टिकवायचे उपायही अंदाजाने करायचे नाहीत. आपलं स्मोक केलेलं मांस म्हणजे शिजवलेलं अन्न समजा, टिकाऊ नाही : दोन तासांत फ्रिजमध्ये, उन्हाळ्यात तासाभरातच, आणि तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर फ्रीझरमध्ये. व्हॅक्यूमच्या पिशवीत बंद करून बाहेर तर कधीच नाही, हवा नसली की बोटुलिझमचं फावतं. आणि हे रोजच्या जेवणाचं अन्न नाही, धुरावरचं मांस महिन्यातून एखाद-दोनदा पुरे.

ड्रम उघड्यावरच, गच्चीवर किंवा अंगणात, विटांवर ठेवून. बंद बाल्कनीत, गॅरेजमध्ये, जिन्याखाली नाही, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासाला येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. शेजारी शाकाहारी असतील, त्यांचे कपडे वाळत असतील, तर आधी बोलून घ्या, मटणासारखं लांबचं काम नसेल तर संध्याकाळी चारनंतर पेटवा, आपल्याकडे शब-ए-मालवा म्हणतात ती गार हवा सुटली की आच धरून ठेवायलाही सोपं जातं. काम झालं की खालच्या कॅप, वॉल्व्ह आणि वरची भोकं सगळं बंद करा, त्या वेळी मात्र वरचीही, निखारे गुदमरून विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला वापरता येतो. राख पूर्ण 24 तासांनी काढा, वरून गार दिसली तरी आत निखारा असतो आणि सकाळच्या कचरा गाडीत तो गेला तर गाडी पेटेल. पावसाळ्यात ड्रम आत घ्या, टोपली काढून ठेवा, कारण राखेला ओल लागली की ती तळ दोन महिन्यांत खाते.